चार दिवसांच्या बाहेरचे रक्त



पनवेलजवळचे रोडपाली हे गाव आता गाव म्हणून ओळखू येणे कठीण झाले आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली, पुढे कळंबोली-कामोठ्याबरोबर रोडपालीच्या भातखाचरांवरही इमारती उठल्या, आणि २०१६ साली हा सारा टापू पनवेल महानगरपालिकेत गेला. पण घराच्या आतल्या बोलीवर महानगरपालिकेचा अंमल चालत नाही. जुन्या आळीत काय, नव्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर काय, सून सासूला 'कावळा शिवला' म्हणेल, 'बाहेरची आहे' म्हणेल, 'अडचण आली' म्हणेल, फार तर 'पाळी' म्हणेल. इतके शब्द आहेत, पण रक्त हा शब्द त्यांतल्या एकातही नाही.

आता दुसरा शब्द घ्या. पाळी चुकली, गर्भ राहिला, की आपण म्हणतो 'दिवस गेले'. म्हणजे जुन्या घरातल्या बाईच्या आयुष्याचे दोनच खाते होते. महिन्यातून चार दिवस रक्त जायचे, तेव्हा ती बाहेर बसायची. आणि दिवस गेले की नऊ महिने रक्त जायचे नाही, तेव्हा तिचे डोहाळे पुरवायचे. मग दोन पाळ्यांच्या मध्येच लाल दिसले, किंवा दिवस गेलेले असताना दिसले, तर ते कोणत्या खात्यात मांडायचे? त्याला घरात नाव नव्हते. 'अंगावर जातंय' असे एक मोघम बोलणे होते, आणि तेही दारामागे, हलक्या आवाजात. ज्याला नाव नाही ते सांगता येत नाही, आणि जे सांगितले नाही त्यावर उपाय कोण करणार? मला आज जी हकिकत सांगायची आहे ती या बेनाव रक्ताची आहे. ते ओळखायला आपण किती वर्षांनी शिकलो, आणि त्यात आपल्या मुलखातल्या माणसांचा हात किती होता, ते पाहू.

शास्त्रात त्याला नाव नव्हते असे मात्र नाही. सुश्रुतसंहितेत 'असृग्दर' नावाचा रोग सांगितला आहे, आणि त्याचे लक्षण असे दिले आहे की रक्त प्रमाणाबाहेर जाते किंवा ऋतू नसतानाही जाते. म्हणजे वेळेबाहेरचे रक्त हे वेगळे, ही जाण त्या वैद्यांना होती. गर्भ जाण्याचेही त्यांनी दोन भाग केले. चौथ्या महिन्यापर्यंत गेला तर तो 'स्राव', कारण अजून तो घट्ट झालेला नसतो. पाचव्या-सहाव्यात गेला तर तो 'पात'. हा भेद किती नेमका आहे ते पुढे मुंबईतल्या एका डॉक्टरांची गोष्ट येईल तेव्हा कळेल.

पण पोथी एका घरात आणि बाई दुसऱ्या घरात, अशी आपली स्थिती होती. घरापर्यंत पोचले ते शास्त्रातले निदान नव्हे, विटाळ तेवढा पोचला. त्यावरही आक्षेप घेणारे होते. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी आपल्या शिष्यांना हा विटाळ मानू नका असे सांगितले. शरीराच्या इतर दारांतून जसे काही ना काही बाहेर पडते तसेच हे, असे त्यांचे म्हणणे. पुढच्या शतकात चोखोबांची बायको सोयराबाई हिने आपल्या अभंगात विचारले की विटाळ देहातच जन्मतो, तर मग सोवळा कोण? पण पंढरीच्या वाटेवर गायिलेला अभंग घरच्या माजघरात शिरला नाही. माजघरात चार दिवसांचा हिशेब तसाच राहिला.

बाहेर बसण्याबद्दल आपल्याकडे अलीकडे असेही म्हणतात की त्यात बाईला विश्रांती मिळे. मिळत असेल कुठे कुठे, मी नाकारीत नाही. पण गुरांच्या गोठ्याशेजारी, फाटक्या चिंध्यांवर, ओलसर जागेत काढलेल्या चार दिवसांना विश्रांती म्हणायचे का, हे तिथे बसलेल्या आजीलाच विचारावे. शिवाय चिंध्या धुवायच्या त्या कोणाच्या नजरेस पडू नयेत अशा, वाळवायच्या त्या उन्हात नव्हे तर अंधारात. रक्त किती गेले, कसे गेले, गाठी होत्या की नाही, हे दुसऱ्या कोणाला दिसण्याची सोयच नव्हती.

आणि गंमत अशी की पहिल्या वेळचे रक्त मात्र जाहीर! मुलीला न्हाण आले की तिला मखरात बसवायची, ओवाळायची, सुवासिनी बोलवायच्या, सासरी निरोप जायचा. लग्न आधीच झालेले असे. न्हाण आले की गर्भाधानाचा विधी. मनुस्मृतीने ऋतुकाल सोळा रात्रींचा धरला आहे, त्यातल्या पहिल्या चार वर्ज्य. म्हणून पहिल्या न्हाणानंतर सोळा दिवसांच्या आत गर्भाधान झालेच पाहिजे, असे शास्त्री मंडळी सांगत. मुलगी अकरा वर्षांची असो, बाराची असो. रक्त दिसले म्हणजे कूस तयार झाली, हा समज. वास्तविक पहिली पाळी ही तयारीची सुरुवात असते. त्यानंतरही मुलीची उंची वाढते, कमरेची हाडे रुंदावतात, आणि पहिली एक-दोन वर्षे पाळी मागेपुढे होणे नेहमीचेच असते.

या समजावर मोठा वाद माजला तो १८९० आणि १८९१ साली. कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी १८८९ साली नवऱ्याच्या संगानंतर रक्त जाऊन मेली. नवऱ्यावर बलात्काराचा आरोप ठेवता येईना, कारण १८६० च्या दंडसंहितेने संमतीचे वय दहा वर्षे ठरवले होते. मुंबईचे पारशी संपादक बेहरामजी मलबारी १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध लिहीत होतेच. आता सरकारने हे वय बारा करण्याचे विधेयक आणले. पुण्यात केवढी खळबळ! लोकमान्य टिळकांनी परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये म्हणून विरोध केला, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी त्याच धर्मशास्त्राचे आधार काढून दाखवले की गर्भाधान लांबवण्याला शास्त्राची आडकाठी नाही. मार्च १८९१ मध्ये कायदा झाला. जुन्या वर्तमानपत्रांतला हा वाद वाचताना एक गोष्ट मनात सलते. एका मुलीच्या रक्तावर सारा देश महिनोन् महिने बोलत होता, सोळा रात्रींची मोजदाद करीत होता, आणि बोलणाऱ्यांत जिचे रक्त ती जवळजवळ कुठेच नव्हती.

जवळजवळ म्हटले, कारण दोन मुली होत्या. एक मुंबईची रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न लागलेल्या या मुलीने पुढे नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला, १८८४ साली तिच्यावर खटला झाला, आणि तो निस्तरल्यावर ती लंडनला जाऊन १८९४ साली डॉक्टर होऊन आली. सुरतेला आणि राजकोटला तिने बायकांच्या इस्पितळांत सारे आयुष्य घालवले. ती वारली १९५५ साली.

दुसरी आपल्या शेजारची, कल्याणची. पनवेलहून कल्याण ते किती लांब! ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली यमुना, नवव्या वर्षी पोस्टातले कारकून गोपाळराव जोशी यांच्याशी लग्न होऊन आनंदीबाई झाली. गोपाळरावांची बदली अलिबागला झाली तेव्हा तीही गेली. म्हणजे ती काही काळ आपल्याच जिल्ह्यात नांदली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. पुढे अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या बायकांच्या वैद्यक महाविद्यालयाला तिने प्रवेशासाठी पत्र लिहिले, त्यात मनातली गोष्ट सांगितली आहे. माझ्या देशातल्या बायकांना वैद्यकीय मदतीची फार गरज आहे, पण पुरुष डॉक्टरकडून ती घेण्यापेक्षा त्या मरण पत्करतील, अशा आशयाचे तिचे शब्द आहेत. ११ मार्च १८८६ रोजी ती डॉक्टर झाली. पदवीसाठी तिने प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. सुश्रुताच्या पोथीतले आणि फिलाडेल्फियातले ज्ञान एका ठिकाणी आणून कोल्हापूरच्या इस्पितळात बायकांपुढे मांडायचे, असा योग होता. कोल्हापूर दरबारने तिला आल्बर्ट एडवर्ड इस्पितळाच्या स्त्रीविभागावर नेमलेही होते. पण क्षयाने तिला गाठले, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात ती वारली. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

त्याच १८८६ साली मुंबईत कामा इस्पितळ सुरू झाले. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी पैसा दिला. सोराबजी शापूरजी बंगाली आणि किट्रेज नावाचे अमेरिकन व्यापारी यांनी त्यासाठी खटपट केली, आणि इंग्लंडहून डॉ. एडिथ पीची यांना बोलावून आणले. बायकांनीच बायकांना तपासायचे, हा या इस्पितळाचा नियम. आज त्याचे आपल्याला काही वाटत नाही. पण 'मरण पत्करतील' या आनंदीबाईंच्या म्हणण्यावर मुंबई इलाख्याने दिलेले ते पहिले मोठे उत्तर होते. पडद्याआडून हात पुढे करायचा, नाडी दाखवायची आणि तोंडाने काहीच सांगायचे नाही, त्याऐवजी एका बाईला दुसऱ्या बाईजवळ 'मधेच लाल दिसतं' असे सांगता येऊ लागले. अर्थात मुंबईत. खेड्यात सुईणच होती.

सुईणींना नावे ठेवण्याची एक फॅशन आहे, ती मला पसंत नाही. सरळ बाळंतपणात त्यांच्या हाताला यश असे, आणि त्यांच्याइतका धीर देणारे कोणी नसे. पण शेवटच्या महिन्यांत रक्त दिसले की त्यांची एक सवय जीव घेई, ती म्हणजे आत हात घालून पाहण्याची. यामागचे कारण इंग्लंडात नॉर्विच गावच्या एडवर्ड रिग्बी या डॉक्टराने १७७५ साली उलगडले होते. त्याने दाखवले की उशिराचा रक्तस्राव दोन जातींचा असतो. एकात वार जागच्या जागी असते पण मुदतीआधी सुटते. तेव्हा पोट दुखते, दगडासारखे कडक होते. दुसऱ्यात वारच मुळी पिशवीच्या तोंडावर, खाली रुजलेली असते. तेव्हा काही दुखत नाही, आणि अचानक लालभडक रक्त येते. या दुसऱ्या जातीत आत बोट घालणे म्हणजे वारेलाच भोक पाडणे. दुखत नाही म्हणून बाई उठून कामाला लागते, घरची मंडळी म्हणतात थांबलं बघा आपोआप, आणि पुढचा लोंढा आला की दवाखाना गाठायलाही वेळ उरत नाही. न दुखणारे रक्त निर्धोक असते, हा समज आजही सोडण्यासारखा आहे.

आता पुन्हा पाळीच्या गणिताकडे येऊ, कारण गर्भ केव्हा राहतो हेच जगाला फार उशिरा कळले. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपच्या पुष्कळ डॉक्टरांना वाटे की बाईची पाळी म्हणजे जनावरांचा माज. म्हणजे पाळीच्या आसपासच गर्भ राहतो आणि मधले दिवस निर्धोक. झाले होते अगदी उलटे! १९२४ साली जपानच्या निगाता शहरातले डॉ. क्यूसाकू ओगिनो यांनी दाखवले की बीजांड सुटते ते पुढची पाळी येण्याच्या सुमारे दोन आठवडे आधी. ऑस्ट्रियाचे डॉ. क्नाउस यांनी स्वतंत्रपणे तेच १९२८ साली सांगितले. म्हणजे अठ्ठावीस दिवसांचे चक्र असेल तर चौदाव्या दिवसाच्या आगेमागे. त्या वेळी एखादा डाग दिसला तर त्यात घाबरण्यासारखे सहसा नसते. मनूच्या सोळा रात्रींत पहिल्या चार सोडून तो दिवस बसतो. पण ते गणित बीजांड पाहून केलेले नव्हते, आणि पाळी लांबली की चुकतेही.

मराठीत हे उघड बोलण्याचे धाडस केले ते र. धों. कर्व्यांनी. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव. त्यांची आई राधाबाई १८९१ साली, संमतिवयाचा कायदा झाला त्याच वर्षी, बाळंतपणात वारली. तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचे होते. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. वाचक प्रश्न विचारीत, ते उत्तरे देत. त्या उत्तरांबद्दलच त्यांच्यावर खटला झाला, आणि १९३४ साली त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. शरीराविषयी शंका विचारणे हा अश्लीलपणा नव्हे, एवढेच सांगायला एवढा मोठा बॅरिस्टर लागला.

आता ती मुंबईच्या डॉक्टरांची गोष्ट. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९ साली गोव्यातल्या शिरोड्याचा. मिठाचा सत्याग्रह झाला ते वेंगुर्ल्याजवळचे शिरोडे वेगळे. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून ते पुढे तिथेच प्राध्यापक झाले. त्यांच्याकडे काही बायका पुन्हा पुन्हा त्याच तक्रारीने येत. गर्भ राहतो, तीन महिने नीट जातात, आणि चौथ्या ते सहाव्या महिन्यात फारशा कळा न येता, थोडेसे लाल दिसून, गर्भ निसटतो. एकदा, दोनदा, चारदा. घरी तिला काय ऐकावे लागत असेल ते आपण सारे जाणतो. शिरोडकरांच्या लक्षात आले की या बायकांच्या गर्भात काही खोट नाही, पिशवीचे तोंड तेवढे ढिले आहे. वजन वाढले की ते आपोआप उघडते. त्यांनी त्या तोंडाभोवती, मांडीतूनच काढलेल्या चिवट पडद्याच्या पट्टीने, बटव्याची नाडी ओढावी तसे आवळून बांधायला सुरुवात केली. १९५५ साली मद्रासच्या 'अँटिसेप्टिक' या वैद्यकीय मासिकात त्यांनी ही रीत प्रसिद्ध केली. पुढे ती जगभर गेली. आज कोणत्याही देशातल्या प्रसूतितज्ज्ञाला 'शिरोडकर टाका' म्हटले की समजते. पट्टी आता कृत्रिम धाग्याची असते. साधारण तिसरा महिना संपल्यावर बांधतात, बाळंतपणाआधी काढतात. सुश्रुताने 'स्राव' आणि 'पात' वेगळे केले होते ना? शिरोडकरांचा टाका त्यातल्या पाताच्या एका कारणावर आहे. लवकरच्या स्रावाला तो लागू नाही, आणि सगळ्याच पाताला लागू नाही. बांधायचे कोणाला आणि कोणाला नाही, हे ओळखण्यातच डॉक्टराचे कसब.

मग लवकरच्या स्रावाचे काय? इथे मला जरा थांबून बोलायचे आहे, कारण सर्वांत जास्त अन्याय इथे होतो. पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारांतल्या एका गरोदर बाईला थोडेफार लाल दिसते. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींचे गर्भ नीट टिकतात. काहींना पाळीच्या तारखेच्या सुमारास, गर्भ रुजताना, नुसता डाग दिसतो, आणि ती त्याला पाळीच समजते. मग महिन्यांची मोजणी चुकते. जे गर्भ जातात त्यांतल्या निम्म्याहून अधिकांत मूळ बीजाच्या जुळणीतच दोष असतो, तो कोणाच्या हातचा नसतो. पपई खाल्ली, हंडा उचलला, अमावास्येला ओढ्यापलीकडे गेली, कोणाची नजर लागली, ही सारी कारणे आपण त्या बाईच्या माथी मारतो. ती आधीच रडत असते. नुसते पडून राहिल्याने असा गर्भ वाचतो, असेही आजवरच्या अभ्यासात दिसलेले नाही.

ग्लासगोच्या डॉ. इयन डोनाल्ड यांनी १९५८ साली ध्वनिलहरींनी गर्भ पाहण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यापूर्वी आत काय चालले आहे हे डॉक्टरालाही अंदाजानेच सांगावे लागे. आज रक्त दिसले की सोनोग्राफीत तीन गोष्टी कळतात. गर्भ पिशवीत आहे की नळीत. त्याचे हृदय चालते की नाही. आणि वार कुठे आहे. आपण मात्र या यंत्राला चौथाच प्रश्न विचारत बसलो, मुलगा की मुलगी! ते थांबवायला महाराष्ट्राला १९८८ साली देशातला पहिला कायदा करावा लागला.

नळीतला गर्भ हा मोठा कपटी. बाहेर लाल अगदी थोडे दिसते, पण नळी फुटली की रक्त पोटात साठते. पाळी चुकलेली, ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, घेरी, कधी खांद्याच्या टोकाला दुखणे, एवढे दिसले तर घरगुती उपायात घटकाही घालवू नये. १८८३ साली बर्मिंगहॅमच्या लॉसन टेट यांनी शस्त्रक्रिया करून अशी बाई वाचवून दाखवली. त्यापूर्वी असे दुखणे बहुधा मरणाचेच ठरे.

गेलेले रक्त भरून काढायचे तर दुसऱ्याचे द्यावे लागते, आणि ते जुळावे लागते. याही शास्त्रात मुंबईचे नाव आहे. १९५२ साली डॉ. य. मा. भेंडे यांनी असा एक रक्तगट शोधला की जो साध्या तपासणीत 'ओ' दिसतो, पण त्याला 'ओ' रक्तही चालत नाही. जग त्याला 'बॉम्बे ग्रुप' म्हणते. तो फार विरळा. पण दुसरी एक गोष्ट घरोघर लागणारी आहे. बाई आर.एच. निगेटिव्ह असेल आणि गर्भ पॉझिटिव्ह असेल, तर गर्भपात झाल्यावर किंवा बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत तिला एक इंजेक्शन द्यावे लागते, नाहीतर पुढच्या खेपेच्या बाळाला धोका. १९६८ पासून हे इंजेक्शन उपलब्ध आहे. म्हणून 'दोनच महिन्यांचे होते, गेले, आता कशाला दवाखाना' असे म्हणू नये.

इतके सारे शोध लागले, तरी घरातली बाई बोलू लागली का? १९८९ सालच्या 'लॅन्सेट'मध्ये डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ६५० बायका तपासल्या. त्यांतल्या शंभरी ९२ जणींना स्त्रीरोगाची काही ना काही व्याधी निघाली. आणि पूर्वी कधीतरी अशी तपासणी झालेल्या होत्या शंभरात अवघ्या ८. आनंदीबाईंच्या पत्राला शंभर वर्षे होऊन गेली होती.

दुसऱ्या टोकाला काय होते तेही सांगितले पाहिजे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची २०१९ साली सरकारने पाहणी केली. सुमारे ८२ हजार बायकांपैकी साडेतेरा हजारांवर बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली, पुष्कळशा तरुण वयाच्या. नवराबायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाची उचल अंगावर. एक दिवस बुडला तर खाडा. फडात ना न्हाणीघर, ना आडोसा. अशा ठिकाणी अंगावर जास्त जाऊ लागले की खासगी दवाखान्यात कोणीतरी कर्करोगाची भीती घालतो, आणि पिशवीच काढून टाकली जाते. जास्त रक्त जाण्यावर गोळ्या आहेत, इतर उपाय आहेत, पिशवी काढणे हा शेवटचा. पण गोळ्या घेऊन महिनाभर वाट पाहायला खाडा परवडत नाही.

शाळेच्या गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ऋतुचक्राचा धडा आहे. तो 'घरी वाचून घ्या' म्हणून पुढे ढकलू नये. मुलगेही वर्गात असू द्या; उद्या गाडी बोलावायची ती त्यांनाच. फळ्यावर एवढे लिहिले तरी पुरे. पाळीचा पहिला दिवस ते पुढच्या पाळीचा पहिला दिवस, हे अंतर मोजायचे. मोठ्या बाईत ते २१ ते ३५ दिवस असले तर साधारण ठीक. रक्त दोन ते सात दिवस. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर जाते, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. ८० च्या वर गेले तर ते जास्त. चमच्याने कोणी मोजत नाही हे खरे, म्हणून घडी मोजावी. तासा-दोन तासांत घडी भिजते, मोठ्या गाठी पडतात, सात दिवसांच्या पुढे चालते, तर दवाखान्यात जावे आणि रक्तातले हिमोग्लोबिन तपासावे. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा एक थेंब जरी दिसला तरी आजीला डॉक्टरांकडे न्यावे. 'परत तरुण झाली' ही थट्टा तिथे नको, कारण कर्करोगाची पहिली खूण कधी कधी तीच असते.

गरोदर बाईला रक्त दिसले, तर महिना पहिला असो की नववा, त्याच दिवशी दाखवावे. जास्त जात असेल, पोट दुखत असेल, घेरी येत असेल, तर आशाताईंना कळवावे आणि १०८ ला फोन करून गाडी मागवावी. बाळंत झाल्यावर पहिल्या चोवीस तासांत रक्त थांबत नसेल तरीही तेच. २०१८ ते २०२० या काळातल्या सरकारी पाहणीत लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ माता दगावल्या, आणि अशा मृत्यूंच्या कारणांत रक्तस्राव हे मोठे कारण आहे.

दवाखान्यात पहिला प्रश्न येतो तो शेवटच्या पाळीच्या तारखेचा. ती कॅलेंडरवर खूण करून ठेवलेली असावी. आपण दुधाची खूण करतोच. मग विचारतील, रंग लाल की काळसर, गाठी होत्या का, दुखले का, किती घड्या भिजल्या. भिजलेली घडी किंवा पडलेली गाठ लाजेने टाकून देऊ नये. स्वच्छ पिशवीत घालून ती बरोबर न्यावी आणि डॉक्टरांना दाखवावी.